पर्वतातील शोधमोहीम आणि संस्थेचे उत्तरदायित्व : द्यातलोव्ह प्रकरणाचा (१९५९) पुनर्विचार

गोषवारा

फेब्रुवारी १९५९ मध्ये उत्तर उरल पर्वतात पदभ्रमणासाठी गेलेले नऊ जणांचे दल बेपत्ता झाले. सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्हस्क (आजचे येकातेरिनबुर्ग) येथील उरल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी हे दल उभारले होते. या नऊ जणांच्या मृत्यूच्या कारणाविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यांच्या शोधाचा इतिहास या गूढाच्या छायेत झाकला गेला. प्रस्तुत लेखात या शोधमोहिमेचा तीन टप्प्यांत विचार केला आहे : प्रस्थानापूर्वीची नोंद, शोधकाळातील पुराव्याची जपणूक आणि शोधानंतरचे सत्यकथन. या तिन्ही टप्प्यांवरील उणिवांमुळे एका दुर्घटनेचे सहा दशके टिकलेल्या गूढात रूपांतर झाले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पदभ्रमण, शोधमोहीम, उरल पर्वत, मान्सी जमात, हिमस्खलन, संस्थात्मक उत्तरदायित्व.

१. प्रस्तावना

पर्वतात माणूस हरवतो तेव्हा दोन घटना घडतात. पहिली घटना त्या माणसाच्या बाबतीत घडते आणि तिला बहुधा कोणी साक्षीदार नसतो. दुसरी घटना त्याच्या मागे राहिलेल्या समाजाच्या बाबतीत घडते. तो परतला नाही हे कोणाच्या आणि केव्हा लक्षात येते, शोधाचा निर्णय कोण घेतो, शोधासाठी कोण जाते, सापडलेल्या वस्तूंचे काय होते आणि नातलगांना काय सांगितले जाते, या प्रश्नांची उत्तरे दप्तरातून, तारांमधून, साक्षींमधून मिळू शकतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हाती लागते ती मुख्यतः ही दुसरी घटना होय.

द्यातलोव्ह प्रकरणात लेखकांचे आणि चित्रपटकारांचे लक्ष सातत्याने पहिल्या घटनेवर केंद्रित झाले. कडाक्याच्या थंडीत नऊ माणसे तंबू आतून फाडून, पुरेशी पादत्राणे व उबदार कपडे न घेता बाहेर का पडली, या प्रश्नाने अनेक तर्ककुतर्कांना जन्म दिला. परंतु या तर्ककुतर्कांना वाव कसा मिळाला, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधमोहिमेच्या इतिहासात सापडते.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) पर्वतीय शोधकार्याच्या संस्थात्मक विकासाचा थोडक्यात आढावा घेणे.
२) १९५९ च्या शोधमोहिमेचा कालानुक्रम मांडणे.
३) शोधास झालेला विलंब, पुराव्याची हाताळणी आणि शासकीय मौन यांचा परस्परसंबंध तपासणे.
४) दल पाठविणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या उत्तरदायित्वाचे स्वरूप स्पष्ट करणे.

मृत्यूविषयी मांडल्या गेलेल्या सर्व उपपत्तींचा परामर्श घेणे हा या अभ्यासाचा हेतू नाही. शोधकार्याशी ज्यांचा थेट संबंध येतो तेवढ्याच उपपत्तींचा येथे विचार केला आहे.

३. पर्वतीय शोधकार्याची पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील शहरी मध्यमवर्ग हौसेने पर्वतांकडे वळला आणि त्याबरोबर बेपत्ता होणाऱ्यांचा प्रश्नही उभा राहिला. आरंभी शोधाचे काम स्थानिक मेंढपाळ, शिकारी व वाटाडे करीत. १८९४ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक क्लिंटन डेंट याने संकटसूचक इशाऱ्याची पद्धत मांडली. एका मिनिटात सहा वेळा आवाज अथवा प्रकाश, त्यानंतर एक मिनिट विराम आणि उत्तरादाखल मिनिटाला तीन इशारे असे तिचे स्वरूप होते व ती पुढे आल्प्समध्ये सर्वमान्य झाली. १८९६ च्या मार्च महिन्यात व्हिएन्नाजवळील राक्स पर्वतावर हिमस्खलनात तीन गिर्यारोहक मरण पावले. त्याच वर्षी व्हिएन्नात पर्वतीय बचाव समिती स्थापन झाली.

पोलंडमधील तात्रा पर्वताचे उदाहरणही उद्बोधक आहे. संगीतकार म्येचिस्वाव्ह कार्वोविच ८ फेब्रुवारी १९०९ रोजी एकटाच स्कीवरून निघाला आणि हिमस्खलनात सापडून मरण पावला. कायमस्वरूपी बचाव पथकाची गरज तो स्वतः प्रतिपादन करीत असे. त्याच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी मारिउश झारुस्की याच्या नेतृत्वाखाली तात्रातील स्वयंसेवी बचाव संस्थेची अधिकृत स्थापना झाली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१० मध्ये, तिचा अनुभवी वाटाड्या क्लिमेक बाखलेदा एका जखमी गिर्यारोहकाला वाचविण्याच्या प्रयत्नात प्राणास मुकला.

या उदाहरणांतून एक सूत्र स्पष्ट होते. बचावाची व्यवस्था बहुधा दुर्घटनेनंतर उभी राहते आणि ती टिकते ती आधीच ठरवून ठेवलेल्या नियमांच्या बळावर. इशारा कसा द्यावा, कोणी निघावे, कोणाला कळवावे हे संकटाच्या क्षणी ठरवता येत नाही. द्यातलोव्ह प्रकरणाचे परीक्षण याच सूत्राच्या आधारे करणे उचित ठरते.

४. दलाचे प्रस्थान आणि दप्तरी नसलेला मार्ग

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात ‘क्रीडा-पर्यटन’ या नावाने दीर्घ पल्ल्याचे पदभ्रमण विशेष लोकप्रिय झाले होते. प्रवासांच्या काठिण्यश्रेणी ठरलेल्या असत आणि श्रेणीनुसार सहभागींना दर्जा मिळे. इन्स्टिट्यूटमधील रेडिओ अभियांत्रिकीचा २३ वर्षांचा विद्यार्थी इगोर द्यातलोव्ह याच्या नेतृत्वाखालील दलाने त्या काळी सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या तिसऱ्या श्रेणीचा प्रवास योजला होता. कम्युनिस्ट पक्षाच्या एकविसाव्या अधिवेशनाच्या निमित्ताने आखलेल्या या प्रवासात स्कीवरून सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर कापून ओतोर्तेन या पर्वतापर्यंत जावयाचे होते.

प्रस्थानाच्या वेळी दलात दहा जण होते. त्यांत सहा विद्यार्थी, तीन पदवीधर अभियंते आणि सेम्यॉन झोलोतार्योव्ह हा युद्धात भाग घेतलेला, वयाने मोठा पर्यटन प्रशिक्षक यांचा समावेश होता. झिनाइदा कोल्मोगोरोवा व ल्युदमिला दुबिनिना या दोन विद्यार्थिनी दलात होत्या. २३ जानेवारी रोजी स्वेर्दलोव्हस्कहून रेल्वेने निघालेले हे दल इव्हदेल व विझाय या वस्त्यांमार्गे पुढे गेले. २८ जानेवारीला युरी युदीन हा विद्यार्थी आजारपणामुळे मागे फिरला. तो एकटाच वाचला. २०१३ मध्ये त्याचे निधन झाले.

उर्वरित नऊ जणांनी १ फेब्रुवारी रोजी औस्पिया नदीच्या खोऱ्यात शिधा व जादा सामान एका जागी सुरक्षित ठेवले आणि दुपारनंतर खिंडीकडे चढण सुरू केली. त्याच सायंकाळी त्यांनी होलात-स्याख्ल या पर्वताच्या उघड्या उतारावर बर्फ खणून तंबू उभारला. डायरीतील अखेरच्या नोंदी व कॅमेऱ्यातील छायाचित्रे येथेच संपतात.

दलाच्या मार्गास शहराच्या मार्ग समितीची मान्यता होती. म्हणजे औपचारिक मंजुरीचा सोपस्कार पार पडला होता. परंतु मार्गाचा पूर्ण तपशील आणि नकाशा इन्स्टिट्यूटच्या क्रीडा मंडळाच्या दप्तरी जमा झालेला नव्हता. शोध सुरू करण्याची वेळ आली तेव्हा दल नेमके कोणत्या वाटेने जाणार होते हे जाणकारांच्या आठवणींवरून जुळवावे लागले. ज्या कागदाची गरज केवळ दल न परतल्यासच भासते, तो कागद दल निघताना अनावश्यक वाटतो. या प्रकरणातील पहिली उणीव इतकी साधी आहे.

५. विलंबाचे आठ दिवस

दल १२ फेब्रुवारीच्या सुमारास विझायला परतून क्रीडा मंडळाला तार करील असे ठरले होते. ती तार आली नाही. परतण्यास थोडा उशीर होण्याची शक्यता द्यातलोव्हने युदीनजवळ बोलून दाखविली होती. हिवाळी प्रवासात काही दिवसांचा विलंब नित्याचाच मानला जाई. त्यामुळे क्रीडा मंडळात आरंभी चिंतेचे वातावरण नव्हते.

चिंता प्रथम नातलगांना वाटली. त्यांनी इन्स्टिट्यूटकडे, पर्यटन संघटनेकडे आणि पक्षाच्या कार्यालयांकडे चौकशा केल्या. एका सदस्याची बहीण आणि एका विद्यार्थिनीचे वडील यांनी पुढे तपासात दिलेल्या साक्षींत या काळातील अनास्थेविषयी तीव्र नाराजी नोंदविली आहे. प्रत्यक्ष शोधाची हालचाल २० फेब्रुवारी रोजी सुरू झाली. ठरलेल्या मुदतीला तोवर आठ दिवस उलटून गेले होते.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. हे नऊ जण १ व २ फेब्रुवारीच्या दरम्यानच्या रात्री, अथवा त्यानंतर थोड्याच वेळात मरण पावले असे मानले जाते. म्हणजे १३ फेब्रुवारीला शोध सुरू झाला असता तरी एकही जीव वाचला नसता. या आधारे विलंबाचा दोष गौण ठरविण्याकडे कल होऊ शकतो. हा युक्तिवाद दोन कारणांनी टिकत नाही. पहिले असे की, १३ फेब्रुवारीला हे मृत्यू कोणालाच ठाऊक नव्हते. नऊ जण जिवंत असून एखाद्या घळीत जखमी साथीदारासह अडकून पडले आहेत, ही शक्यता त्या दिवशी पूर्णपणे खुली होती. उत्तरदायित्वाचे मोजमाप निर्णयाच्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानावरून करावे लागते. नंतर कळलेल्या परिणामाने त्या निर्णयाचे समर्थन होत नाही. दुसरे कारण पुराव्याशी निगडित आहे. तंबू सापडेपर्यंत त्या उतारावर सुमारे पंचवीस दिवस वारा आणि हिमवर्षाव यांचे काम चालू राहिले. विलंबाने माणसे दगावली नसतील. मात्र ती का दगावली हे सांगू शकणाऱ्या खुणा या काळात क्षीण झाल्या.

६. शोध : २० फेब्रुवारी ते ५ मार्च

शोधमोहिमेचा व्याप मोठा होता. विद्यार्थ्यांची पथके, सैनिक, श्वानपथके, मान्सी जमातीचे शिकारी, विमाने व हेलिकॉप्टर यांचा तीत सहभाग होता. प्रत्यक्ष शोधस्थळी अनुभवी पर्यटन-क्रीडापटू येवगेनी मास्लेन्निकोव्ह आणि इन्स्टिट्यूटच्या सैनिकी विभागातील कर्नल गेऑर्गी ओर्त्युकोव्ह यांच्यावर सूत्रसंचालनाची जबाबदारी होती. मार्ग निश्चित नसल्याने संभाव्य मार्गावरील वेगवेगळ्या ठिकाणी पथके उतरवावी लागली. शोधक्षेत्र विस्तीर्ण होण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी बोरिस स्लोब्त्सोव्ह याच्या पथकाला औस्पियाच्या खोऱ्यात स्कीच्या खुणा आढळल्या. २६ फेब्रुवारी रोजी स्लोब्त्सोव्ह व मिखाईल शाराविन या दोघांना होलात-स्याख्लच्या उतारावर बर्फाने अंशतः झाकलेला तंबू दिसला. आत पादत्राणे, जाड कपडे, अन्न आणि पैसे जसेच्या तसे होते. माणसे नव्हती. तंबूपासून खाली उतरत गेलेली पावले सुमारे ५०० मीटरपर्यंत ओळखता येत होती. पावलांखाली दाबला गेलेला बर्फ टिकून भोवतालचा भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडून गेल्यामुळे ही पावले उंचवट्यांच्या रूपात उरली होती.

दुसऱ्या दिवशी तंबूपासून सुमारे दीड किलोमीटर खाली, रशियन लोक ज्याला ‘केद्र’ म्हणतात अशा सायबेरियन पाइन वृक्षाखाली, विझलेल्या शेकोटीजवळ युरी दोरोशेंको व गेऑर्गी क्रिवोनिश्चेंको यांचे मृतदेह सापडले. त्याच दिवशी वृक्ष व तंबू यांच्या दरम्यानच्या उतारावर द्यातलोव्ह व कोल्मोगोरोवा यांचे मृतदेह मिळाले. ५ मार्चला लांब सळया बर्फात खुपसून चाललेल्या शोधात याच रेषेवर रुस्तेम स्लोबोदिन याचा मृतदेह मिळाला. हे तिघे वृक्षापासून अनुक्रमे सुमारे ३००, ६३० व ४८० मीटर अंतरावर होते. ते तंबूकडे परतण्याच्या प्रयत्नात होते, असा निष्कर्ष तपास करणाऱ्यांनी यावरून काढला. पाचही जणांचा मृत्यू थंडीने गारठून झाल्याचे वैद्यकीय तपासणीत आढळले.

७. जीव वाचविणे आणि पुरावा राखणे

शोध घेणारे विद्यार्थी मृतदेह शोधण्यासाठी निघाले नव्हते. आपले मित्र जिवंत असतील या आशेने ते आले होते. तंबू दिसताच त्यांनी हिमकुऱ्हाडीने त्यावरील बर्फ दूर केला, आतील काही वस्तू उचलून आपल्या तळावर नेल्या आणि सापडलेले मद्य त्या रात्री प्राशनही केले. मानवी दृष्ट्या हे सारे स्वाभाविक होते. आत कोणी जखमी अवस्थेत पडलेला असण्याची शक्यता होती आणि अशा वेळी मोजमापे घेत थांबणे अमानुष ठरले असते.

तथापि तंबूच्या पाहणीचा अधिकृत पंचनामा २८ फेब्रुवारीचा आहे. तोवर तेथील मूळ स्थिती पालटली होती. तंबूवर किती बर्फ होता, तो कशा प्रकारचा होता, उताराचा नेमका कोन किती होता, कोणती वस्तू कोठे होती, या प्रश्नांची उत्तरे पुढे शोधकर्त्यांच्या स्मरणावर अवलंबून राहिली. कापडावरील कोणती फाटाफूट मूळची आणि कोणती नंतरची, हाही प्रश्न उद्भवला. तंबू आतून कापला गेल्याचे तज्ज्ञ तपासणीतून सिद्ध व्हायला एप्रिल महिना उजाडला.

जीव वाचविण्याची घाई आणि पुराव्याची जपणूक यांतील हा ताण प्रत्येक शोधमोहिमेत असतो. जून १९६९ मध्ये अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात सहा वर्षांचा एक मुलगा बेपत्ता झाला. पहिल्याच रात्री मुसळधार पाऊस झाला. त्यानंतर शोधकर्त्यांची संख्या वाढत जाऊन ती सुमारे १,४०० पर्यंत पोहोचली. मुलगा सापडला नाही आणि इतक्या माणसांच्या वावरामुळे त्याच्या खुणा नष्ट झाल्या असाव्यात असे मत पुढे मांडले गेले. या अनुभवानंतर तेथील उद्यान सेवेने शोधपद्धतीचा फेरविचार केला. आरंभी मोजक्या प्रशिक्षित माणसांनी खुणा शोधाव्यात आणि शोधक्षेत्र आखून घेऊन मगच मोठी पथके उतरवावीत, हा विचार दृढ झाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या शोधाचे गणित मांडणाऱ्या बर्नार्ड कूपमन याच्या कार्यातून शोधशास्त्राचा पाया घातला गेला होता. क्षेत्राच्या प्रत्येक भागात हरवलेली व्यक्ती असण्याची संभाव्यता किती आणि ती तेथे असल्यास दिसण्याची संभाव्यता किती, हे दोन प्रश्न या शास्त्रात वेगळे केले जातात. १९७६ मध्ये विल्यम सिरोटक याने हरवलेल्या व्यक्तींच्या वर्तनाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. १९५९ च्या शोधकर्त्यांना ही साधने उपलब्ध नव्हती, हे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना विसरून चालणार नाही.

८. मान्सी : संशयित आणि सहकारी

या प्रदेशातील मूळ रहिवासी असलेल्या मान्सी जमातीच्या वाट्याला या प्रकरणात दुहेरी भूमिका आली. आरंभीच्या तपासात त्यांच्यावर संशय घेतला गेला आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या जबान्या झाल्या. पवित्र स्थळाची विटंबना झाल्याने त्यांनी हल्ला केला असावा, असा तर्क होता. त्याला कोणताही पुरावा मिळाला नाही. घटनास्थळी परक्या माणसांच्या खुणा नव्हत्या आणि तंबू आतून कापला गेला होता. याच काळात मान्सी शिकारी शोधपथकांना साहाय्य करीत होते.

स्थलनामांच्या बाबतीतही असाच विपर्यास झाला. ‘होलात-स्याख्ल’ म्हणजे ‘मृत पर्वत’. येथील ‘मृत’ हा शब्द शिकार न मिळणाऱ्या ओसाड भूमीचा निदर्शक असल्याचे मत मांडले गेले आहे. लोकप्रिय लेखनात मात्र त्यास शापाचे वलय देण्यात आले. ‘ओतोर्तेन’ या नावाचा ‘तिकडे जाऊ नकोस’ असा प्रचलित अर्थही भाषिक आधारावर टिकत नाही. ज्या समाजाच्या भूमिज्ञानाचा शोधकार्यास उपयोग झाला, त्याच समाजाची भाषा गूढकथेसाठी राबविली गेली, हा या प्रकरणातील विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे.

९. मे महिन्यातील शोध आणि प्रकरणाची समाप्ती

उरलेल्या चौघांचा शोध दोन महिने चालू राहिला. बर्फ वितळू लागल्यावर तोडलेल्या फांद्यांचा माग मान्सी शोधकर्त्यांना लागला. मेच्या पहिल्या आठवड्यात वृक्षापासून सुमारे ७५ मीटर अंतरावरील घळीत, कित्येक मीटर बर्फाखाली, दुबिनिना, झोलोतार्योव्ह, निकोलाय तिबो-ब्रिन्योल व अलेक्सांद्र कोलेवातोव्ह यांचे मृतदेह सापडले. जवळच फांद्या अंथरून तयार केलेला निवारा होता. मृत साथीदारांचे कपडे उरलेल्यांनी अंगावर घेतले होते. शेवटपर्यंत या दलाने एकमेकांना जगविण्याचा प्रयत्न केला, याची साक्ष या वस्तू देतात.

दुबिनिना व झोलोतार्योव्ह यांच्या बरगड्या आणि तिबो-ब्रिन्योल याच्या कवटीचे हाड मोडलेले आढळले. काही कपड्यांवर किरणोत्सर्गी अंश मिळाले. दलातील क्रिवोनिश्चेंको याने चेल्याबिन्स्क-४० येथील अणुप्रकल्पात काम केले होते आणि तेथे १९५७ मध्ये मोठा अपघात झाला होता. या दोन गोष्टींचा संबंध असणे शक्य आहे. परंतु त्याची सखोल चौकशी झाली नाही.

तपास अधिकारी लेव्ह इवानोव्ह याने २८ मे १९५९ रोजी प्रकरण बंद केले. मात करणे ज्यांना शक्य नव्हते अशा नैसर्गिक शक्तीमुळे मृत्यू ओढवला, असा त्याचा आशय होता. ती शक्ती कोणती हे सांगितले गेले नाही. इन्स्टिट्यूटचे संचालक व क्रीडासंबंधित काही पदाधिकारी यांच्यावर पक्षीय पातळीवर कारवाई झाली आणि क्रीडा मंडळाच्या प्रमुखास पदावरून दूर करण्यात आले. हे झाल्यावर पुढील चौकशीची आवश्यकता उरली नसल्याचे मानले गेले. येथे शिक्षेने स्पष्टीकरणाची जागा घेतली. कोणाला तरी दोषी धरले गेले, परंतु नोंद, मुदत आणि सूचना यांची जी व्यवस्था कोलमडली होती तिचे जाहीर विश्लेषण झाले नाही.

१०. मौनाचे परिणाम आणि पुनर्तपास

प्रकरणाची कागदपत्रे १९९० च्या दशकापर्यंत सर्वसामान्यांस उपलब्ध नव्हती. १९६३ मध्ये खिंडीत स्मृतिफलक बसविण्यात आला आणि ती खिंड द्यातलोव्हच्या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु स्मारक म्हणजे उत्तर नव्हे. १९९० मध्ये स्वतः इवानोव्हनेच एका वृत्तपत्रीय लेखात आकाशातील अग्निगोलांशी मृत्यूचा संबंध जोडला आणि वरिष्ठांच्या दबावाचा उल्लेख केला. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यानेच अधिकृत निष्कर्षापासून फारकत घेतल्यावर शस्त्रचाचणी, हेरगिरी, परग्रहवासी अशा कल्पनांना जणू मान्यताच मिळाली.

फेब्रुवारी २०१९ मध्ये रशियाच्या महाअभियोक्ता कार्यालयाने फेरतपासणी जाहीर केली आणि ११ जुलै २०२० रोजी तिचा निष्कर्ष मांडला. हिमस्खलनाच्या भीतीने दल तंबूबाहेर पडले, दृश्यमानता अत्यल्प असल्याने त्यांना परतता आले नाही आणि थंडीने मृत्यू झाला, असे त्यात म्हटले होते. जानेवारी २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील योहान गोम व अलेक्झांडर पुझ्रिन या शास्त्रज्ञांनी याचे गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. तंबूसाठी उतार खणला गेल्याने बर्फाचा थर कमकुवत झाला, वाऱ्याने वरून बर्फ साचत गेला आणि काही तासांनंतर लहान आकाराचा घट्ट थर घसरून आला, असे होणे शक्य असल्याचे त्यांनी दाखविले. बरगड्यांच्या इजा अशा आघाताने होऊ शकतात हेही त्यांनी मांडले. सर्व प्रश्नांची उत्तरे मिळाली असा दावा त्यांनी केलेला नाही. नातलगांपैकी काहींनी अधिकृत निष्कर्ष स्वीकारला नाही.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने येथे एक बाब निर्णायक आहे. हिमस्खलनाच्या उपपत्तीवर दीर्घकाळ घेतला गेलेला प्रमुख आक्षेप असा होता की, शोधकर्त्यांना हिमस्खलनाच्या स्पष्ट खुणा दिसल्या नाहीत आणि उतारही पुरेसा तीव्र नव्हता. सुमारे पंचवीस दिवसांच्या वाऱ्यात लहान स्खलनाच्या खुणा नाहीशा होऊ शकतात. तंबूच्या जागी उताराचा कोन सर्वसाधारण अंदाजाहून अधिक, सुमारे २८ अंश असावा, असे नव्या अभ्यासात दिसून आले. याचा अर्थ असा की, वेळेवर शोध आणि पहिल्याच दिवशी केलेले साधे मोजमाप यांमुळे सहा दशकांच्या वादाचा मोठा भाग कदाचित उद्भवलाच नसता.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) द्यातलोव्ह प्रकरणातील गूढाचा मोठा भाग मृत्यूच्या रात्री निर्माण झालेला नाही. तो मार्गाची नोंद नसणे, शोधास विलंब, पुराव्याची सरमिसळ आणि शासकीय मौन या क्रमाने घडत गेला.

२) ठरलेली मुदत हा पर्वतीय प्रवासातील औपचारिक तपशील नव्हे. दल आणि संस्था यांच्यातील तो करार असतो. मुदत उलटताच चौकशी सुरू करणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते. अशी चौकशी बहुतेक वेळा अनावश्यक ठरेल, हे गृहीत धरूनच ती करावी लागते.

३) शोधकार्यात जीव वाचविण्यास अग्रक्रम असणे योग्यच आहे. तथापि एक छायाचित्र, एक मोजमाप, एक टिपण यांना लागणारा वेळ अल्प असतो. पथकातील एका व्यक्तीकडे केवळ नोंदीचे काम सोपविल्यास या दोन कर्तव्यांतील ताण सुसह्य होऊ शकतो.

४) पदाधिकाऱ्यांवरील कारवाई ही सत्यकथनाची जागा घेऊ शकत नाही. ज्यांनी आपली मुले गमावली त्यांना ‘नैसर्गिक शक्ती’ हे उत्तर देऊन नस्ती बंद करण्यात आली. त्यांचा प्रश्न मात्र पुढील पिढ्यांपर्यंत खुला राहिला.

विद्यार्थ्यांना पर्वतात, समुद्रकिनारी अथवा अरण्यात पाठविणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेसाठी या इतिहासाचा अर्थ व्यावहारिक आहे. साहसातील धोका पूर्णतः टाळता येत नाही आणि तो टाळण्यासाठी साहसच बंद करणे हा शिक्षणाचा मार्ग नव्हे. संस्थेच्या हाती असते ते इतकेच : कोण, कोठे, कोणत्या वाटेने गेले आणि केव्हा परतणार याची नोंद आपल्या दप्तरी ठेवणे, आणि ती वेळ टळली तर नातलगांनी दार ठोठावण्यापूर्वी स्वतः चौकशीस आरंभ करणे. १९५९ मध्ये ते कागद दप्तरी नव्हते आणि दार प्रथम नातलगांनीच ठोठावले.